सैल केलेल्या शिवणी

"ठेव ती बादली!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत आल्या आणि भरलेली बादली त्यांनी सुनेच्या हातातून काढूनच घेतली.

सून बघत राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली, नवरा जाऊन सहा. इतक्या वर्षांत बादली उचलू नकोस असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. गेला आठवडाभर मात्र हेच चाललं होतं. सकाळी दूध. सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपायची सक्ती. टोमणे तर पार बंद. टोमण्यांशिवाय घर खायला उठतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

तिच्या ओटीपोटात काहीतरी वाढत होतं. टणक, हाताला लागेल असं. वाईट दुखणंच असणार, असं मनाशी धरून तिने कुणापाशी ब्र काढला नव्हता. फक्त कुर्त्यांच्या कडेच्या शिवणी उसवून गुपचूप सैल केल्या होत्या. पण सासूबाई चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या. आळीतल्या कुठल्या बाईला दिवस गेलेत, हे त्यांना कपड्यांवरून नवऱ्याच्याही आधी कळायचं. त्यांच्यापुढे शिवण लपते होय! आपण आता जाणार हे यांना कळलंय, असं तिने ताडलं.

ती कामाला जायची त्या छापखान्यातही तीच तऱ्हा. तिथे छपाईच्या मशीनवरचा एक अबोल माणूस उशीर झाला की तिला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचा. मंगळवारपासून तो तिच्या हातातले कागदाचे गठ्ठे स्वतः उचलू लागला. बसायला स्टूल आणून दिलं. "का हो?" म्हणून विचारलं, तर कानापर्यंत लाल झाला. तिचं डोकं चक्रावलं. यालाही कळलं? कुणी सांगितलं? किती दिवस उरलेत आपले?

शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली. तपासण्या झाल्या. "गर्भाशयात साधी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फायब्रॉइड. खूप जणींना असते. कॅन्सर नाही. काढून टाकू."

ती धावतच घरी आली. रडत, हसत सगळं भडाभडा सांगून मोकळी झाली. सासूबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

"गाठ? नुसती गाठ?"

"मग तुम्हाला काय वाटलं, आई?"

"अगं, मला वाटलं, दिवस गेलेत. तो छापखान्यातला तुला सोडतो ना! मंगळवारी गेले होते त्याच्याकडे. म्हटलं, झालं ते झालं. माझा मुलगा गेला म्हणून हिचं आयुष्य संपलेलं नाही. लग्न करा, पोराला बाप द्या."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई! त्याने आजवर माझ्या बोटालासुद्धा स्पर्श केलेला नाही!"

सासूबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"मग तो लगेच 'हो' कसा म्हणाला?"