गुरुजींची तार

"'कम' नाही लिहिलं मी, 'स्टार्ट' लिहिलं!" नीळकंठ गुरुजी रंगरावांच्या ओसरीवर मांडी ठोकून सांगत होते. "'कम' म्हणजे नुसतं ये. सवडीनं ये, जत्रेला ये. 'स्टार्ट' म्हणजे हातातलं टाक अन् नीघ. अहो, मुळात त्या शब्दाचा अर्थच उडी मारणं. दचकून उठणं, तेही त्यातच. मग साहेबानं मोटार काढली, तर ती सुरू करायलाही हाच शब्द!"

अख्ख्या वडनेरात इंग्रजी तार लिहिणारे ते एकटेच. कौतुक करवून घ्यायची त्यांना सवयच जडली होती, आणि आज तर हक्कच होता. आत बाजेवर पडलेल्या सोजराबाईचा ताप काल उतरला होता. "औषधानं आपलं काम केलं, आता बाईनं मनानं उभारी धरली पाहिजे," असं डॉक्टर सांगून गेला होता. बाईची उभारी म्हणजे तुळशीराम, कल्याणला रेल्वेत असलेला एकुलता एक मुलगा. तो सकाळच्या गाडीनं येणार म्हटल्यावर ती वाटीभर पेज प्यायली होती.

"पुरं काय लिवलं, सांगा ना गुरुजी," रंगराव म्हणाले. बायको वाचली म्हणून गडी खुशीत होता.

"मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. आई अत्यवस्थ, ताबडतोब नीघ."

शेजारचा उकंडराव तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"गुरुजी, माहा बाप मेला, तवा बी तुमी मले हेच लिवलं होतं. मदरच्या जागी फादर, बस."

"अरे, ते तसंच लिहायचं असतं. मेला असं तारेत कोणी कळवतं का? पोरगं गाडीत एकटं असतं, छाती फुटायची त्याची."

"पन मले समजलंच ना! साऱ्याइलेच समजते. मी त मलकापूर टेशनावरच न्हाव्यापुढं बसलो. डोकं, मिशी, सारं उतरवलं अन् मंगच गावात आलो."

गुरुजी दचकून उठले. डिक्शनरीत नसलेला एक अर्थ या मुलखानं त्या तारेला चिकटवला होता, आणि तो शिकवला होता त्यांनी स्वतः, गावातल्या प्रत्येक मयताला तीच तार लिहून. मिशी तर फक्त मायबापासाठीच उतरते.

डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते वहाणा न घालताच गल्लीत धावले. समोरून तुळशीराम येत होता. डोळे सुजलेले, डोकं गुळगुळीत, ओठावर मिशीचा मागमूस नाही. दाराशी उभ्या बाया त्याला बघून मागं सरत होत्या.

"तुळशीराम, थांब! आई जिवंत आहे रे! बरी आहे! आधी ही टोपी घाल डोक्यात, मग..."

"जिती हाय? माही माय जिती हाय?"

पुढचं ऐकायला तो जागेवर होताच कुठं! पिशवी तिथंच टाकून तो सुटला. ओसरीवर बाप आडवा आला, पण तुळशीराम त्याच्या हाताखालून निसटला आणि आत शिरला. गुरुजी टोपी घेऊन धापा टाकत मागं पोचले, तोवर त्यानं बाजेपाशी बसकण मारून आईच्या कुशीत डोकं खुपसलं होतं. आनंदानं तो हमसून हमसून रडत होता.

"आला का रे माहा राजा," म्हणत सोजराबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथंच थांबला. मग तिनं तो सावकाश फिरवून पाहिला. पोराचा ओठ चाचपला. तिनं मान उचलून दाराकडं बघितलं, तर रंगराव चौकटीत धडधाकट उभे.

"मंग मलेच काऊन नाही सांगतलं कोनी?" ती म्हणाली, आणि आपल्याच हातानं तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.