मिशीवाला मासा

"हाच! माझ्याकडे होता तो अगदी हाच. एक द्या," काका माशांच्या टाकीच्या काचेवर बोट टेकवून म्हणाले.

दुकानवालीने हातातला पाइप खाली ठेवला, बोट कुठे आहे ते पाहिलं आणि हसू दाबलं.

"काका, हे टायगर बार्ब. पट्टे आहेत म्हणून फसू नका, एक नंबरची वात्रट कार्टी आहेत. तुमच्याकडच्याला मिशा होत्या का?"

"होत्या ना! बायको म्हणायची, घरात दोन मिशीवाले, आणि दोघेही नुसते बसून खातात."

"मग तो लोच. क्लाऊन लोच." तिने त्यांना खालच्या टाकीपाशी नेलं. केशरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, खाली वळलेलं तोंड, आणि वाळू हुंगत चाललेल्या इवल्या मिशा. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"टाकी बायकोची," ते म्हणाले. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती गेली, आणि घरात हलणारं-डुलणारं एवढंच उरलं. सकाळी खाणं टाकलं की तो टक् टक् आवाज करायचा. खोटं वाटेल तुम्हाला."

"खोटं कशाला वाटेल? खूश असले की करतात."

"हो? तीही हेच म्हणायची." काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्याकडे खूश होता म्हणायचा."

दुकानवालीची जीभ कात्रीसारखी चालायची. मासे न्यायला आलेल्या माणसाला चार गोष्टी सुनावल्याशिवाय ती सोडत नसे. पाणी कोमट हवं, तळाला बारीक वाळू हवी, लपायला जागा हवी, आणि एकटा लोच ठेवणं म्हणजे पाप. तिने तेवढं सांगून टाकलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आधीचा कशाने गेला? अंगावर पांढरे ठिपके आले होते?"

"छे हो! रात्री ठणठणीत होता. सकाळी बघतो तर दगडाच्या आडोशाला आडवा. डोळे उघडे."

तिचा हात टाकीच्या झाकणावर तसाच थांबला.

"लगेच काढलात?"

"लगेच. जाळीने काढला. तर जाळीतून सुटेचना, डोळ्याखाली काट्यासारखं काहीतरी रुतलं होतं. आणि हातात घेतल्यावर क्षणभर वाटलं, हलला. पण हल्ली माझेच हात कापतात ना. तिच्या गुलाबाच्या कुंडीत पुरला, तिच्याजवळ असल्यासारखा."

लोच घाबरला की डोळ्याखालचा काटा बाहेर काढतो. म्हणजे जाळीत तो जिवंत होता, आडवा पडून नुसता झोपला होता. आता सांगावं तर या माणसाने आपल्या हाताने काय केलं ते त्याला कळणार, आणि न सांगावं तर उद्या-परवा नवा मासाही त्याच कुंडीत जाणार. देवा, ही कसली पाळी आणलीस माझ्यावर, असं तिला झालं.

तेवढ्यात टाकीतला एक लोच फुटक्या मडक्याच्या तुकड्याला टेकला, कलला आणि वाळूवर सपशेल आडवा झाला.

"अहो, हा गेला!" काका ओरडले. "काढा, काढा त्याला!"

"नाही हो काका." तिने घाईघाईने काचेवर टिचकी मारली. मासा उठला, अंग झटकून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि पुन्हा हुंगायला लागला. "त्याचं काय आहे, ही जरा वेगळी जात आहे. ही अशीच झोपते, आडवी पडून. तुमच्याकडची जात ही नव्हे. ती अशी झोपत नाही. तुमचा खरंच गेला होता."

खोटं बोलताना तिचा आवाज नको तितका मोठा झाला. काकांनी काचेला नाक लावलं. पट्टे पाहिले, मिशा पाहिल्या, लाल शेपूट पाहिली.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मला नाव माहीत नव्हतं. पण रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोरच तर बसायचो. हाच तो."

ती नुसतीच "काका..." म्हणाली.

"बायको त्या सकाळी अशीच कुशीवर होती," काका काचेकडे बघतच म्हणाले. "मी म्हटलं, दमली आहे, झोपू दे. चहा केला, झाकून ठेवला. आवाज नको म्हणून रेडिओसुद्धा लावला नाही. किती वेळ शेजारी बसून होतो तिच्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर..."

आतला एक लोच पुन्हा कलायला लागला होता. काकांनी काचेवरचा हात काढून घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"म्हणून या वेळी थांबलो नाही हो."