कापेम्ब्वाची गिटार

चौऱ्याहत्तर साली आमच्या रॉक बँडचा गिटारवाला कापेम्ब्वा वारला, त्यात ड्रमवाल्या मासाउकोचा फायदाच होता. लाल गिटार हाती येणार, तो पुढे उभा राहणार आणि आमच्या चिंगोला गावची अख्खी खाणवस्ती त्याच्या नावाने ओरडणार. कापेम्ब्वासारख्या बेंबा जमातीच्या माणसाच्या मयताला एंगोनी जमातीच्यांनी थट्टा करायची आणि घरातलं काहीही उचलायचं, हा आमचा रिवाज. “ऊठ, माकडखाऊ! शनिवारी कार्यक्रम आणि तू झोपलास?” म्हणत, बेंबांना चिडवायची ठरलेली शिवी देत, एंगोनी मासाउकोने गिटार उचलली. रडणारेही हसले. थट्टेतली वस्तू परत करायची असते. याने ती गळ्यातच अडकवून ठेवली. “असू दे, उंदीरखाऊ,” एंगोनींची ठरलेली शिवी परत देत कापेम्ब्वाची आई म्हणाली. “मेलेल्याची वस्तू ठेवणाऱ्याने त्याचं नावही लावायचं असतं. ये, कापेम्ब्वा.” शनिवारी मासाउकोच्या बोटांतून कधी न शिकलेले सूर निघाले. लोक ओरडले, “कापेम्ब्वा!” कापेम्ब्वाच्या आईला मुलगा मिळाला. मासाउकोची आई बाजारात “मासाउको!” म्हणून हाका मारायची. तो वळायचाही नाही.