पोफळीखालचा धडा

"जड वस्तू आधी पडते की हलकी?" असं विचारलं की अख्खा वर्ग "जड!" म्हणून ओरडायचा. दोन्ही एकदमच पडतात, हे आठवडाभर घसा कोरडा करूनही पोरांना पटेना. शेवटी गद्रे मास्तर चिडले आणि वर्ग उठवून शाळेमागच्या वाडीत घेऊन गेले. तिथे बुधाजी उंच पोफळीवर सुपारी उतरवत होता.

"बुधाजी, एका हातात अख्खा घड घे, दुसऱ्यात एकच सुपारी. मी सांगितलं की दोन्ही एकदम सोड."

बुधाजी वरून हसला. "एक हात झाडाचा हाय, मास्तर. तो न्हाय सोडवत."

"अरे, क्षणभराचं तर काम!"

मास्तरांचा शब्द कसा मोडायचा? बुधाजीने पायांनी झाड आवळलं आणि तोही हात काढून घेतला.

"मुलांनो, नजर जमिनीवर. हं, सोड!"

तेवढ्यात समुद्राकडून वारा आला आणि पोफळ वाकली. घड, सुपारी आणि बुधाजी खाली आले. आवाज एकच झाला.

त्या साली बाहेरून आलेल्या प्रश्नपत्रिकेत नेमका तोच प्रश्न होता. मास्तरांनी एकेक पेपर तपासला. एकाही मुलाचं उत्तर चुकलं नव्हतं.