घुमटाची दुआ

जुन्या सुलतानाचं अख्खं घराणं बुधवारी कापलं गेलं. शुक्रवारी कैरोच्या मशिदीत इमाम झुहैर यांनी रिवाजाप्रमाणे नव्या सुलतानासाठी दुआ मागितली, "अल्ला सुलतान मुईनना दीर्घायुष्य देवो!"

कुणीच आमीन म्हणालं नाही.

मग घुमटातून इमामांचाच आवाज परत आला, "अल्ला सुलतान तुगानना दीर्घायुष्य देवो!"

"आमीन!" सगळी मशीद गरजली.

इमामांनी चमकून वर घुमटाकडे पाहिलं. त्यांनी तोंड तर केव्हाच मिटलं होतं.

पहिल्या रांगेतून मुईन ताडकन उठला. "म्हातारबा, वेड लागलं का? कोण हा तुगान?"

"हुजूर, अल्लाची शपथ, मी तुमचंच नाव घेतलं!"

मुईनच्या पाठीशी नवा गुलाम अंगरक्षक उभा होता. त्याचं नाव अजून कुणी विचारलंही नव्हतं. हातातली नंगी तलवार सावरत तो दचकून पुढे झाला.

"मला हाक मारलीत, मालक?"