एका दमातला पाय

बाळांनो, बोटानं हवेत एक बगळा काढून बघा. चोच, मान, पाठीचा फुगवटा, इथवर सगळ्यांना जमेल. आता त्याचा पाय काढा. वरपासून खालपर्यंत एकच रेघ. मध्ये थांबायचं नाही, बोट वाकडं होऊ द्यायचं नाही. अवघड आहे ना? विब्रेन हाक्समांनी उभा जन्म तो पाय एका दमात काढला होता. त्यांच्या चित्रकथेतला सिक्को बगळा रोज वर्तमानपत्रात यायचा.

त्या सकाळी हाक्समा स्नेक नावाच्या गावात, कालव्याकाठच्या कॅफेत बसले होते. चित्रकथांच्या चाहत्यांचा मेळावा होता. तिथं नुसती सही करून सुटका होत नाही. जो पुस्तक पुढं करील, त्याला कोऱ्या पानावर चित्र काढून द्यायचं, हा रिवाज. रांग दाराबाहेर गेली होती. हाक्समांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

वर्षभर तो हात थरथरत होता. बायको त्यित्स्के सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी काढून ठेवलेली चित्रं पेपरात जात होती आणि ती आता संपत आली होती. हाताचं हे पेपरला कळलं, तर सिक्को दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार. करारच तसा होता.

पेपरचे संपादक रोमर्ट कॉफीचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभे होते.

“चला म्हातारबुवा, हात चालवा. कॉफीबरोबर एकच बिस्कीट आहे. ते संपलं की ही माणसं तुम्हाला खातील.”

रांगेत पहिली होती सहा वर्षांची फेन्ना. चित्राखालचा मजकूर तिला अजून वाचता येत नव्हता. तिला सिक्को ठाऊक होता तो रेघांनीच.

हाक्समांनी हात बाहेर काढला. कागद धरल्यासारखं करून डाव्या हातानं उजवं मनगट दाबलं. चोच आली. मान आली. तुकड्या-तुकड्यांनी पाठही आली. मग त्यांनी श्वास रोखला आणि पाय ओढायला घेतला.

रेघ जेमतेम गुडघ्यापर्यंत सरळ गेली. पुढं ती करवतीच्या दातांसारखी झाली.

“मेनेर, हा सिक्को नाही,” फेन्ना म्हणाली. मेनेर म्हणजे तिकडचं ‘साहेब’.

“आहे गं. थंडीनं कुडकुडतोय बिचारा.”

“सिक्कोला थंडी वाजतच नाही. तो बर्फावर उभा राहून आइसक्रीम खातो.”

रांगेतले लोक हसले. रोमर्ट हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि वाकून पानाकडे पाहिलं.

“विब्रेन?”

“टेबल!” शेजारी बसलेली त्यित्स्के मध्येच बोलली. “हे टेबल डुगडुगतंय. सकाळपासून ओरडतेय मी, पण या कॅफेवाल्याला ऐकू येईल तर ना.”

 रोमर्ट हाक्समांकडे बघत राहिले. हाक्समांचा हात पुन्हा खिशात गेला होता. खिशाचं कापड हलत होतं.

“हो,” हाक्समा म्हणाले. “टेबलच.”

फेन्नानं टेबलाकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरून बियरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि ती टेबलाखाली शिरली. आतून ठोकल्याचा आवाज आला. केसांना धूळ लावून ती बाहेर आली. दोन्ही तळहात टेबलावर ठेवून तिनं सगळा भार टाकला. मग दुसऱ्या कोपऱ्यावर टाकून पाहिला.

“आता मुळीच हलत नाही,” ती म्हणाली.

तिनं बिघडलेलं पान उलटलं, नवं कोरं पान हातानं सपाट केलं, पुस्तक हाक्समांपुढं सरकवलं आणि पेन त्यांच्यासमोर धरून उभी राहिली.