विश्रामची शिट्टी

फाटकाशी येताच विश्रामने रोजच्यासारखी दोनदा शिट्टी वाजवली आणि वर गॅलरीकडे बघत उभा राहिला. ही शिट्टी ऐकली की त्याची लेक चित्रा धावत खाली येऊन हातातली पिशवी घ्यायची.

"मी रोज तिथे का थांबतो गं?" घरात आल्यावर त्याने बायकोला विचारलं.

"असते एकेक सवय," हेमांगी म्हणाली.

समुद्राखालच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करताना चित्राचा मृत्यू झाला. कशी, ते गोपनीय होतं. गोपनीय फाइल ऑनलाइन उघडली, की कानामागची सरकारी चिप वाचलेलं सगळं पुसून टाकायची आणि त्यासोबत ती फाइल ज्या माणसाबद्दल असेल, त्याच्या साऱ्या आठवणीही. हे ठाऊक असून विश्रामने गेल्या महिन्यात ती फाइल उघडली होती. "पुसायच्या आत ओरडून सांगतो तुला," असं म्हणाला होता.

त्याने हाकही मारली. "अगं, आपल्या चित्राला शेवटी..." आणि मग शांतपणे विचारलं, "काय सांगत होतो मी?"

आज हेमांगीनेही ती फाइल शोधून काढली. एक बटण दाबलं असतं तर सगळं कळलं असतं. पण मग चित्राची आठवण असलेलं घरात कुणीच उरलं नसतं. तिने स्क्रीन बंद केली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली तशी हेमांगी धावतच जिना उतरली आणि तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"अगं, तू कशाला धावत आलीस?"

"कुणीतरी यायला हवं ना," ती म्हणाली.